कडक कायदा होताच की!

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २००६च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही आरोपींना निर्दोष ठरवले. दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, मालेगावच्या २००८च्या स्फोटातले सातही आरोपी विशेष एनआयए न्यायालयातून सुटले. आनंद कोणाला झाला आणि संताप कोणाला, याची वाटणी अपेक्षेप्रमाणेच झाली. पहिल्या निकालाने चिडलेले बरेचसे दुसऱ्या निकालाने सुखावले आणि पहिल्याने सुखावलेले दुसऱ्याने चिडले. एक वाक्य मात्र दोन्ही गोटांतून ऐकू आले: आपला कायदाच बोटचेपा आहे. त्याला जोडून मागणीही आली. राज्याने दहशतवादाच्या शिक्षेचा स्वतंत्र कायदा करावा, किमान शिक्षाच जन्मठेप ठेवावी, न्यायाधीशाच्या मर्जीवर काही सोडूच नये.

ही मागणी करणाऱ्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही, त्यांच्या निदानाबद्दल आहे. शिक्षेचा कायदा हवा, हे त्यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. पण तो ज्या कारणासाठी हवा आहे, ते त्यांनी सांगितलेले कारण नव्हे. त्यांना हवा तसा कायदा झाला, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होईल.

लोकल खटल्याचेच पाहू. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांमध्ये, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, काही मिनिटांच्या आत सात स्फोट झाले आणि १८०हून अधिक माणसे गेली. माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी ही नावे त्या दिवशी कामावरून घरी निघालेल्या कोणालाही विसरता येणार नाहीत. आरोपींवर कोणता कायदा लावला? मोक्का. म्हणजे महाराष्ट्र विधिमंडळाने १९९९ साली केलेला, देशातला त्या काळचा सर्वांत जरबेचा समजला जाणारा कायदा. दिल्लीने तो उचलला, कर्नाटकाने त्याच धर्तीवर आपला केला, गुजरातने २००३मध्ये केलेले तशाच धर्तीचे विधेयक राष्ट्रपतींच्या मंजुरीपर्यंत २०१९ला पोचले. या कायद्याने पोलिसांना काय दिले नव्हते? पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य. आरोपपत्रासाठी नव्वदऐवजी एकशे ऐंशी दिवस. जामीन जवळजवळ अशक्य. आणि शेवटी फाशी. २०१५ साली विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली, तेव्हा कोणीही म्हटले नाही की शिक्षा कमी पडली.

ती इमारत दहा वर्षांनी उच्च न्यायालयात कोसळली ती कुठून? निकालपत्रात ते तपशीलवार आहे. कबुलीजबाब एकमेकांशी इतके मिळतेजुळते की ते स्वेच्छेने दिले असतील यावर न्यायालयाचा विश्वास बसला नाही. ते छळ करून घेतल्याची आरोपींची तक्रार न्यायालयाने ग्राह्य धरली. ओळख परेड ज्याने घेतली त्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. महत्त्वाचे साक्षीदार शंभराहून अधिक दिवस गप्प होते आणि नंतर त्यांना चेहरे आठवले. स्फोटात वापरलेले बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते, एवढी मूलभूत गोष्टही अभियोग पक्षाला सिद्ध करता आली नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत नजीर म्हणून वापरायला स्थगिती दिली, सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात जायला सांगितले नाही. अपिलात काय व्हायचे ते होईल. पण वर दिलेल्या यादीतले कोणते दुखणे किमान शिक्षा वाढवल्याने बरे झाले असते, एवढे मला कोणी सांगावे.

उलट माझे म्हणणे असे की कडकपणानेच घात केला. अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब चालतो हे एकदा माहीत झाले की रसायनाचा नमुना, सीमकार्डाचा माग, भाड्याच्या खोलीचा करारनामा यांच्या मागे कोण धावेल? खोलीत बसून सही घेता येत असताना उन्हात हिंडायचे कशाला, असा विचार करणारा अधिकारी वाईटच असला पाहिजे असे नाही, तो माणूस आहे. कायदा त्याला सोपी वाट दाखवतो, तो तिने जातो. आणि सोपी वाट उच्च न्यायालयापर्यंत पोचत नाही. पुण्याच्या जर्मन बेकरीचा खटला आठवा. २०१० सालचा स्फोट, सतरा बळी, २०१३मध्ये सत्र न्यायालयाची फाशी, आणि २०१६मध्ये उच्च न्यायालयात कटाचा व दहशतवादाचा आरोप टिकलाच नाही. स्फोटक बाळगणे आणि बनावट कागदपत्रे एवढेच उरले. मालेगावच्या २००८च्या खटल्यात तर आधी मोक्का लावला, मग काढला, यूएपीए या केंद्राच्या दहशतवादविरोधी कायद्यासाठी लागणारी मंजुरी सदोष ठरली आणि तीसहून अधिक साक्षीदार फितूर झाले. कलमे एकाहून एक जबर, आणि हातात काय आले? १७ वर्षांनी एक निकाल, ज्यात स्फोट झाला हे सिद्ध होते आणि तो कोणी केला हे होत नाही. लोकलमध्ये आणि मालेगावच्या भिक्खू चौकात ज्यांची माणसे गेली त्यांच्याबद्दल ज्यांना बोलायचे आहे, त्यांनी प्रथम या प्रश्नाबद्दल बोलावे.

याच्या शेजारी २००८च्या मुंबई हल्ल्यातल्या कसाबचा खटला ठेवून पाहा. १६६ बळींच्या त्या खटल्यात मोक्का नव्हता, आणि पोटा हा दहशतवादविरोधी कायदा तर २००४मध्येच रद्द झाला होता. खून, देशाविरुद्ध युद्ध पुकारणे ही भारतीय दंड संहितेतली जुनीच कलमे आणि जोडीला यूएपीए. पोलिसांसमोरच्या कबुलीवर मदार नव्हती. प्रत्यक्षदर्शी, छायाचित्रे, शस्त्रे, दूरध्वनीवरचे संभाषण हे सगळे मांडले गेले. मे २०१०मध्ये निकाल, नोव्हेंबर २०१२मध्ये येरवड्यात फाशी. घटनेपासून चार वर्षांच्या आत सर्वोच्च न्यायालयापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या झाल्या. तो जिवंत पकडला गेला होता म्हणून ते शक्य झाले, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. पण मग यश पुराव्याचे हेच त्यातून निघते, कलमाच्या जरबेचे नव्हे.

आता शिक्षा सौम्य आहेत या दाव्याकडे येऊ. १९८७च्या टाडात मृत्यू घडवणाऱ्या कृत्याला फाशी किंवा जन्मठेप होती, एरवी पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. यूएपीएच्या सोळाव्या कलमात तेच. मोक्कात तेच. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११३व्या कलमात पुन्हा तेच. चाळीस वर्षांत सरकारे बदलली, पक्ष बदलले, कायद्यांची नावे बदलली. 'पाच वर्षे ते जन्मठेप' हा साचा मात्र कोणी हलवलेला नाही. यात सौम्य काय आहे? फाशीच्या वर काही चढवायचे असेल तर ते मागणी करणाऱ्यांनी तरी स्पष्ट सांगावे.

विधिमंडळात शिक्षेच्या कलमांवर किती विचार होतो याचा एक नमुना द्यावासा वाटतो. मोक्काचे तिसरे कलम सावकाश वाचा. संघटित गुन्ह्यात कोणाचा मृत्यू झाला तर फाशी किंवा जन्मठेप, आणि दंड किमान एक लाख रुपये. मृत्यू झाला नाही तर पाच वर्षे ते जन्मठेप, आणि दंड किमान पाच लाख. म्हणजे माणूस मेला तर एक लाखापासून पुढे, वाचला तर पाच लाखांपासून पुढे! यामागे काही खोल तत्त्व असेल तर ते इतक्या वर्षांत माझ्या तरी वाचनात आलेले नाही. न्याय संहितेने १११व्या कलमात संघटित गुन्ह्याची हीच रचना घेतली, तेव्हा आकडे कोणीतरी तपासले असावेत. तिथे मृत्यू झाल्यास किमान दहा लाख आणि एरवी पाच लाख आहेत. आपल्या राज्याचा कायदा, ज्याची कीर्ती आपण देशभर सांगतो, तो याबाबतीत असाच उलटा उभा आहे. आणि ही मागणी करणाऱ्यांना न्यायाधीशांचा विवेक काढून घ्यायचा आहे.

खरा प्रश्न त्या 'पाच ते जन्मठेप' या भल्या मोठ्या मोकळ्या मैदानात आहे. दहशतवादाच्या खटल्यात कटाचा मेंदू क्वचित सापडतो. कठड्यात बहुधा उभे असतात ते खोली भाड्याने देणारे, दुचाकी आणून देणारे, पैसे पोचवणारे, पिशवी ठेवणारे, आणि नुसतेच बैठकीला बसलेले. यूएपीएचे अठरावे कलम कट, चिथावणी, सल्ला, मदत आणि तयारीला हातभार हे सगळे एकाच ओळीत घेते आणि सर्वांपुढे तीच पाटी लावते: पाच वर्षे ते जन्मठेप. यातल्या कोणाला सहा वर्षे, कोणाला सोळा आणि कोणाला आयुष्यभर, हे ठरवायचे कशाच्या आधारावर? कायदा गप्प आहे.

मुंबईच्या १९९३च्या बॉम्बस्फोट खटल्यात हे अगदी डोळ्यांसमोर आले. १२ मार्चच्या त्या दुपारी २५७ माणसे मेली. टाडा न्यायालयाने शंभर जणांना दोषी ठरवले आणि २००७मध्ये महिनोन्महिने, एकेकाला बोलावून शिक्षा सुनावल्या: बारा जणांना फाशी, वीस जणांना जन्मठेप, बाकीच्यांना कमीअधिक वर्षे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि मार्च २०१३च्या निकालात न्यायालयाने एक भेद केला. याकूब मेमन आणि फरार असलेले सूत्रधार हे बाण सोडणारे, आणि गाड्यांमध्ये स्फोटके ठेवणारे हे त्यांच्या हातातले बाण, अशी ती मांडणी होती. ज्यांनी प्रत्यक्ष बॉम्ब ठेवले त्यांच्यासह दहा जणांची फाशी जन्मठेपेवर आली. याकूबची कायम राहिली आणि जुलै २०१५मध्ये नागपूरला त्याला फाशी दिली गेली. गरीब, अडाणी, वापरली गेलेली माणसे एका बाजूला आणि योजना आखणारे दुसऱ्या बाजूला. मला हा भेद पटतो. ज्यांना पटत नाही त्यांचेही म्हणणे हास्यास्पद नाही; पेरलेल्या बॉम्बने मेलेल्या माणसाला, तो पेरणारा कोणाच्या सांगण्यावरून पेरत होता याने काय फरक पडतो, असे ते विचारू शकतात.

पण पुढे काय झाले ते पाहा. मध्ये अडीच वर्षे गेली. सप्टेंबर २०१५मध्ये लोकल खटल्याचा निकाल लागला. फाशी कोणाला? ज्यांनी डब्यांत बॉम्ब ठेवले असे अभियोग पक्षाने मांडले होते, त्या पाच जणांना. त्यांच्यातल्या काहींवर कटाचे नेतृत्व केल्याचाही आरोप होता, हे नमूद केले पाहिजे. तरी ढोबळ रेषा दिसतेच: एका खटल्यात बॉम्ब ठेवणारा हात फाशीतून सुटला, दुसऱ्यात तोच हात फाशीचे मुख्य कारण ठरला. दोन्ही न्यायालये आपापल्या परीने प्रामाणिक होती. दोघांनाही 'दुर्मिळातले दुर्मिळ' या १९८०च्या बच्चनसिंग निकालातल्या कसोटीपलीकडे हातात धरायला काही नव्हते, आणि ती कसोटी हाताळणाऱ्यागणिक बदलते हे सर्वोच्च न्यायालयानेच पुन्हा पुन्हा कबूल केले आहे.

फाशी बाजूला ठेवली तरी चित्र तेच. केरळात जुलै २०१०मध्ये एका प्राध्यापकाचा हात कापला गेला. प्रश्नपत्रिकेतल्या मजकुरावरून ईश्वरनिंदेचा आरोप ठेवून. यूएपीएखाली खटला चालला. २०१५मध्ये कोचीच्या विशेष न्यायालयाने दोषी ठरवलेल्यांना जास्तीत जास्त आठ वर्षे दिली. उशिरा सापडलेल्यांचा खटला नंतर चालला, आणि २०२३मध्ये त्याच गुन्ह्यासाठी तिघांना जन्मठेप झाली. भूमिका वेगळ्या असतील, पुरावा वेगळा असेल. पण आठ वर्षे आणि जन्मठेप यांच्यामधले अंतर कोणत्या मोजपट्टीने मोजले, हे कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. याच खटल्यातल्या एका आरोपीचा जामीन २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला, तेव्हा न्यायालयाने हाच हिशेब मांडला होता: सहआरोपींना आठ वर्षांपेक्षा जास्त शिक्षा झालेली नाही आणि हा माणूस खटला न संपताच पाच वर्षांहून अधिक काळ आत आहे.

शिक्षेच्या मुद्द्यावरची सुनावणी कशी होते ते ज्यांनी सत्र न्यायालयात पाहिले आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. दोषी ठरवल्याचा शब्द उच्चारला गेला की आरोपीला विचारतात, शिक्षेबाबत काही सांगायचे आहे का. तो भांबावलेला असतो. आईवडील म्हातारे आहेत, मुले लहान आहेत, असे काहीतरी पुटपुटतो. त्याचे वकील दयेची याचना करतात, सरकारी वकील समाजाचा आक्रोश मांडतात, आणि पुष्कळदा त्याच दिवशी आकडा जाहीर होतो. शिक्षेवर आरोपीचे ऐकून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. काय ऐकायचे आणि त्याचे काय करायचे याचा शब्द नाही. २०२२च्या मनोज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की फाशीच्या खटल्यात आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक स्थिती, तुरुंगातले वर्तन याची माहिती सुरुवातीच्याच टप्प्यावर गोळा करा. हे सांगायला २०२२ उजाडले.

आणि न्यायाधीशांना हा मोकळेपणा फार प्रिय आहे, अशी समजूत करून घेऊ नका. २००३मध्ये मलिमथ समितीने शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वे ठरवण्यासाठी वैधानिक समिती नेमा असे सांगितले. २००८मध्ये, आणि पुन्हा २०१२मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने भारतात अशी तत्त्वे नाहीत याबद्दल खेद व्यक्त केला. २०२४मध्ये केंद्राला शिक्षाधोरणाचा विचार करायला सुचवले. ज्यांच्या हातातून विवेक काढून घ्यायचा म्हणून कडक शिक्षेचे समर्थक कायदा मागताहेत, तेच न्यायाधीश दोन दशके विवेकाला आधार मागत आहेत.

ज्याचा विवेक खरोखर अमर्याद आहे तो न्यायाधीश नव्हेच, तो पोलीस अधिकारी. न्याय संहितेच्या ११३व्या कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे: गुन्हा या कलमाखाली नोंदवायचा की यूएपीएखाली, हे पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी ठरवील. कशावरून ठरवील, हे लिहिलेले नाही. महाराष्ट्रात त्याच्यापुढे मोक्काही आहे. 'बंडखोरीला प्रोत्साहन' हे शब्द त्यात असल्याने स्फोटाचे खटले त्यात बसवता येतात, आणि २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा तो अधिकार मान्यही केला. त्यात जुलै २०२५मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. आता एका साध्या गोष्टीचे, संघटनेच्या सदस्यत्वाचे, दर पाहा. यूएपीएत संघटना नुसती बेकायदा ठरवलेली असेल तर दोन वर्षांपर्यंत; दहशतवादी यादीतली असेल तर दहा वर्षांपर्यंत; तिने दहशतवादी कृत्य केलेले असेल तर जन्मठेपेपर्यंत. जनसुरक्षा विधेयकात तीन वर्षांपर्यंत. जामीन मिळेल की नाही, आरोपपत्राला किती दिवस, कबुलीजबाब चालेल की नाही, सगळे त्या पहिल्या निवडीवर ठरते. किमान शिक्षा वाढवली की या निवडीचे वजन आणखी वाढते, कारण मग कलम लावणारा अधिकारीच शिक्षा सुनावतो आणि न्यायाधीश तिच्याखाली सही करतो.

किमान शिक्षेचा हा मोह आपल्याकडेच आहे असे नाही. न्यूयॉर्क राज्याने ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर आठवडाभरात स्वतःचा दहशतवादविरोधी कायदा केला. साधा गुन्हा दहशतवादी हेतूने केला असेल तर शिक्षेची पायरी एकाने वाढणार. तो सुरुवातीलाच कोणावर चालवला गेला? ब्रॉन्क्समधल्या एका टोळीवर, जिच्या भांडणात दहा वर्षांची मुलगी गोळी लागून मेली होती. भयंकर गुन्हा, पण दहशतवाद? २०१२मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने दहशतवादाची ती दोषसिद्धी उलटवली आणि बजावले की हा शब्द असा सैल वापरला तर त्याचा अर्थच उरणार नाही. मोक्काचे आपल्याकडे पुढे काय झाले ते वाचकांना माहीत आहे. माफियांसाठी केलेला कायदा गल्लीतल्या टोळ्यांपर्यंत येऊन पोचला. आणि शिक्षेत पर्यायच ठेवला नाही तर काय होते, याचे उत्तर घटनापीठाने १९८३मध्येच देऊन ठेवले आहे. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केल्यास फाशीच, असे सांगणारे दंड संहितेचे ३०३वे कलम मिठू प्रकरणात घटनाबाह्य ठरले. किमान जन्मठेप म्हणजे फाशी नव्हे, हे खरे. पण खोली भाड्याने देणाऱ्यालाही जन्मठेपेखेरीज काही देताच येणार नसेल, तर वाद पुन्हा त्याच दारात जाऊन उभा राहणार.

आता आमच्या बाजूच्या, म्हणजे नागरी हक्कवाल्या मित्रांचाही एक आक्षेप आहे आणि तो मला जास्त टोचतो. ते म्हणतात, तत्त्वे लिहून काढण्याच्या नादाला लागू नका. दहशतवादाच्या विषयावर विधिमंडळ काहीही लिहायला बसले तरी शेवटी शिक्षा वाढवूनच उठेल. त्यांच्या हातात अमेरिकेचे उदाहरण आहे. तिथल्या संघीय कोष्टकात दहशतवादाचा ठपका बसला की पहिल्यांदाच गुन्हा केलेला माणूसही सराईत गुन्हेगाराच्या सर्वांत वरच्या श्रेणीत जातो. ब्रिटनमध्येही लंडन ब्रिजजवळचा नोव्हेंबर २०१९चा आणि स्ट्रेटमचा फेब्रुवारी २०२०चा हल्ला झाल्यावर २०२१मध्ये गंभीर दहशतवादी गुन्ह्यांना चौदा वर्षांची किमान शिक्षा आली.

हे सगळे खरे आहे. पण ब्रिटनचीच दुसरी बाजू पाहा. २०१८पासून तिथल्या शिक्षा परिषदेने दहशतवादाच्या गुन्ह्यांसाठी तक्ते केले आहेत. आडव्या-उभ्या दोन प्रश्नांनी ते चालतात: आरोपीचा दोष किती, आणि घडलेली किंवा घडू शकणारी हानी किती. म्होरक्या आहे की ओझेवाहू, तयारी पूर्ण होत आली होती की नुसत्या बाता होत्या, अनेकांचा जीव जाणार होता की मालमत्तेचे नुकसान. सर्वांत वरच्या चौकटीत जन्मठेप आणि किमान पस्तीस वर्षांचा आरंभबिंदू आहे. खालच्या चौकटींत मोजकी वर्षे. न्यायाधीश चौकट सोडू शकतो, पण का सोडली ते लिहावे लागते, आणि ते लिहिलेले अपिलात तपासता येते. संसदेने घाईने किमान शिक्षा आणली ती त्या तक्त्यांना बाजूला सारून. म्हणजे धोका तत्त्वांतून नव्हे, हल्ल्यानंतरच्या आठवड्यातल्या भाषणांतून येतो. आपल्याकडे ती भाषणे आहेतच. तक्ता मात्र नाही.

राज्याला हे करता येईल का? फौजदारी कायदा आणि फौजदारी प्रक्रिया दोन्ही समवर्ती सूचीत आहेत. मोक्कासाठी राष्ट्रपतींची संमती मिळवता आली तर शिक्षेच्या निकषांसाठीही मागता येईल. आणि कोष्टक करण्याची या राज्याला सवय नाही असे तर मुळीच नाही. जन्मठेपेच्या कैद्याला किती वर्षांनी सोडायचे, यासाठी गृह विभागाचा मार्च २०१०चा शासन निर्णय आहे, त्याआधीचा १९९२चाही आहे. गुन्ह्यामागचा हेतू काय, आधी ठरवून केला का, क्रौर्य किती, यांवरून त्यात श्रेणी पाडल्या आहेत आणि प्रत्येक श्रेणीपुढे वर्षे लिहिली आहेत. कोणाला कोणता निर्णय लागू, यावरून उच्च न्यायालयात याचिका होत राहतात. थोडक्यात, हेतू, नियोजन आणि क्रौर्य यांना वर्षांत मोजायचे काम मंत्रालयातला कक्ष अधिकारी करतो, कैदी बाहेर पडायच्या वेळी. तेच काम भर न्यायालयात, दोन्ही बाजूंचे ऐकून, कैदी आत जाताना न्यायाधीशाने केले तर 'दहशतवाद्यांचे लाड' होतात म्हणे.

तेव्हा विधेयक आणायचेच असेल तर आणा. त्यात लिहा की दोषी ठरवणे आणि शिक्षा सुनावणे यांत किमान काही दिवसांचे अंतर राहील, आणि त्या काळात आरोपीची माहिती गोळा करणारा अधिकारी पोलीस खात्याबाहेरचा असेल. लिहा की भूमिका, जाणीव, तयारीचा टप्पा, वय आणि घडलेली हानी यांवर न्यायाधीश स्वतंत्र निष्कर्ष नोंदवील. लिहा की खटल्यापूर्वी आत काढलेली वर्षे केवळ वजा होणार नाहीत, तर जामिनाच्या सुनावणीतही संभाव्य शिक्षेशी ताडून पाहिली जातील. मोक्काच्या दंडाचे आकडे सरळ करा, ते तर एका दुरुस्तीचे काम आहे. आणि अधीक्षकाने यूएपीए निवडला की ११३वे कलम की मोक्का, याची कारणे पहिल्या खबरीसोबत लेखी न्यायालयात दाखल होतील, असे एक कलम घाला. हे शेवटचे कलम विधेयकाच्या मसुद्यात ज्या दिवशी दिसेल, त्या दिवशी कडक कायद्याचे किती समर्थक त्याच्या बाजूने हात वर करतात ते पाहायची मला उत्सुकता आहे.